पैष्टी मद्य आणि घरगुती माल्टपात्र : बीड जिल्हा

धान्याला मोड आणून, ते वाळवून व भरडून गरम पाण्यात भिजवीत ठेवणे, त्यातील पिष्टाची साखर होऊ देणे आणि मग गोड रस चोथ्यापासून गाळून घेणे, ही बीअरनिर्मितीतील पहिली व सर्वांत नाजूक पायरी होय. मोड आणून वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. ज्या भांड्यात ही पायरी पार पडते त्यास इंग्रजीत मॅश टन असे नाव असून मराठीत त्यास माल्टपात्र म्हणता येईल. मनुस्मृतीत सुरेचे गौडी (गुळाची), पैष्टी (पिठाची म्हणजे धान्याची) व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. यांपैकी माल्टपात्राची गरज फक्त पैष्टीला पडते. बीड जिल्ह्याच्या इतिहासात ठळकपणे दिसते ती मात्र गौडी. ज्वारीच्या या प्रदेशात ज्वारीची बीअर घरोघर रूढ झाली नाही. याचे एक कारण ज्वारीच्या दाण्याच्या रचनेत, दुसरे गुळाच्या सोयीत आणि तिसरे अबकारीच्या कायद्यात सापडते.

माल्टपात्राचे कार्य व रचना : माल्टपात्रात दोन कामे होतात. पहिले रासायनिक आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज वर्गातील एंझाइमे निर्माण होतात. भरडलेला माल्ट सु. ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात सुमारे तासभर राहिला की, ही एंझाइमे पिष्टाचे विघटन करून माल्टोज व इतर शर्करा तयार करतात. तापमान ६०° च्या खाली राहिल्यास काम रेंगाळते व ७५° च्या वर गेल्यास एंझाइमे नष्ट होतात. म्हणून पात्र उष्णता धरून ठेवणारे हवे. एक किग्रॅ. माल्टास साधारणतः अडीच ते तीन लिटर पाणी घेतात. रूपांतर पूर्ण झाले की नाही हे आयोडिनाच्या थेंबाने पाहतात. रसाचा थेंब निळाकाळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे असे समजावे.

दुसरे काम गाळण्याचे असून घरी पात्र बनविणाऱ्याची खरी कसोटी तेथे लागते. पात्राच्या तळाशी बारीक छिद्रांचा दुसरा तळ, चिरा पाडलेल्या तांब्याच्या नळ्यांची चौकट किंवा पोलादी तारेची विणलेली जाळी बसवितात व तिच्याखालून तोटी काढतात. तथापि रस खऱ्या अर्थाने गाळते ती जाळी नव्हे. जाळी फक्त चोथ्याला आधार देते. जवाच्या दाण्याला चिकटलेले सालपट भरडताना मोठ्या तुकड्यांत सुटते. ते जाळीवर सैल थरात बसते आणि तो थरच गाळणीचे काम करतो. प्रथम निघणारा रस गढूळ असतो. तो हलक्या हाताने पुन्हा वरून ओतला की थर बसत जातो व रस स्वच्छ येऊ लागतो. मग सु. ७५° से. तापमानाचे पाणी वरून शिंपीत राहून थरात अडकलेली साखर धुऊन काढतात. माल्ट फार बारीक दळला किंवा तोटी घाईने पूर्ण उघडली तर थर दाबला जाऊन रस वाहणे थांबते. चिरा खालच्या बाजूस ठेवून नळ्या तळाशी टेकविल्यास रस कमी वाया जातो. चोथा आपल्या वजनाइतके पाणी धरून ठेवतो, म्हणून पाच किग्रॅ. माल्टापासून वीस लिटर रस हवा असेल तर पाणी सु. पंचवीस लिटर लागते. उरलेला चोथा पौष्टिक असून जनावरांना आंबोण म्हणून चालतो.

प्राचीन उल्लेख : मोड आलेल्या धान्यापासून मद्य करणे भारतात यूरोपीयांबरोबर आले, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. वैदिक वाङ्मयातील सौत्रामणी यागासाठी सुरा तयार करण्याचा विधी शतपथ ब्राह्मणात व श्रौतसूत्रांत विस्ताराने आला आहे. त्यातील सामग्रीत शष्प, तोक्म, लाजा व नग्नहू यांचा समावेश होतो. शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेला जव, लाजा म्हणजे लाह्या आणि नग्नहू म्हणजे अनेक वनस्पतींच्या चूर्णांचे किण्वनद्रव्य. हे पदार्थ शिजविलेल्या धान्यात मिसळून ते मिश्रण तीन रात्री ठेवीत. नंतर गाय व घोडा यांच्या शेपटीच्या केसांच्या गाळणीतून ते गाळून घेत. कारोतर या गाळण्याच्या साधनाचा उल्लेख ऋग्वेदातही आहे. याच यागात छिद्रे असलेल्या कुंभातून सुरा अग्नीवर ठिबकू देण्याचाही विधी आहे. तो गाळण्याचा नव्हे, तर आहुतीचा भाग होय आणि त्याचा संबंध माल्टपात्राच्या छिद्रित तळाशी जोडणे बरोबर होणार नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मोड आलेल्या धान्याऐवजी किण्व वापरण्याची पद्धत दिसते. किण्व उडदाचा लगदा, तांदूळ व वनस्पती यांपासून करीत. पूर्व भारतातील हंडिया या भाताच्या मद्यासाठी आजही वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांप्रमाणे त्यातील बुरशी पिष्टाची साखर करीत असावी. मेदक या मद्यासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण दिले आहे. सोळा प्रस्थांचा एक द्रोण व चार प्रस्थांचा एक आढक धरल्यास सोळा माप पाण्यास पाच माप घन पदार्थ पडतो. हे मिश्रण आजच्या माल्टपात्रातील मिश्रणाइतकेच दाट आहे. प्रसन्ना या दुसऱ्या मद्याचे नावच निवळलेपणा सुचविते.

त्याच प्रकरणातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मद्याचा व्यवहार राज्याच्या हाती असला, तरी कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली असून उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलत सांगितली आहे. राज्याचा मक्ता आणि घरातील भांडे यांच्यात तेथे तडजोड आहे. पुढील काळातील अबकारी कायद्यांत ती राहिली नाही.

दख्खनच्या पठारावर जव पुरातन आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे प्रमुख धान्य जव असल्याचे दिसून आले. त्यावरून तेथे जवाचे मद्य होत होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. एवढे मात्र खरे की, पठारावर पुढे ज्वारी व बाजरीचे प्राबल्य झाले आणि सालपटासहित भरडता येणारे धान्य शेतातून मागे पडले.

ज्वारी आणि गाळणीचा प्रश्न : बीड जिल्हा बालाघाटच्या रांगांनी दुभागलेला, उत्तरेस गोदावरीने व दक्षिणेच्या बाजूस मांजऱ्याने वेढलेला, अनियमित पावसाचा प्रदेश आहे. येथील रब्बी ज्वारीत मालदांडीला विशेष मान असून भाकरी व कडबा या दोन्हींसाठी ती पिकविली जाते. ज्वारीला मोड आणणे अवघड नाही. अडचण पुढे येते. ज्वारीचा दाणा मळणीतच आपल्या आवरणातून बहुतांशी मोकळा होतो. त्यामुळे भरडलेल्या ज्वारीत गाळणीचा थर बनविणारे सालपट नसते. जाळीवर पिठाचा गच्च लगदा बसतो आणि तोटीतून थेंबही येईनासा होतो. दुसरी अडचण तापमानाची आहे. ज्वारीचे पिष्ट सु. ६८° ते ७८° से. तापमानास फुलते. साखर करणाऱ्या एंझाइमांपैकी बीटा अमायलेज मात्र त्याआधीच दुबळे होऊ लागते व ज्वारीच्या माल्टात मुळातच त्याचे प्रमाण कमी असते. जवाच्या बाबतीत ही दोन तापमाने जुळतात, ज्वारीच्या बाबतीत जुळत नाहीत. म्हणून ज्वारीसाठी एकाच पात्रात भिजवून गाळण्याची यूरोपीय पद्धत उपयोगी पडत नाही. माल्टातील वरचे निवळ पाणी एंझाइमांसह आधी काढून ठेवावे लागते, खालचा लगदा शिजवावा लागतो आणि तो काहीसा निवाल्यावर ते पाणी पुन्हा त्यात मिसळावे लागते.

ज्वारीची मूळ भूमी जी आफ्रिका, तेथील स्त्रियांनी हा प्रश्न पूर्वीच सोडविला आहे. बुर्किना फासोमधील डोलो, सूदानमधील मरिसा व दक्षिण आफ्रिकेतील ज्वारीची बीअर ही त्याची उदाहरणे होत. दक्षिण आफ्रिकेत आंबलेले मिश्रण गवताच्या विणलेल्या लांबट गाळणीत घालून पिळतात. त्यातून येणारी बीअर गढूळच राहते व तशीच प्यायली जाते. डोलो करताना भेंडीचा किंवा काही झाडांच्या सालीचा बुळबुळीत रस मिश्रणात घालतात. त्यामुळे कण एकत्र येऊन खाली बसतात व वरचा रस काढून घेता येतो. ही युक्ती महाराष्ट्राला परकी नाही. गुऱ्हाळात उसाचा रस उकळत असताना त्यात रानभेंडीचा बुळबुळीत रस घालून मळी वर आणण्याची पद्धत जुनी आहे. गाळण्याचे व निवळण्याचे इतर कौशल्यही बीडच्या स्वयंपाकघरात नांदत आले आहे. कुरडयांसाठी तीन दिवस भिजविलेले गहू वाटून, फडक्यातून पिळून, चीक खाली बसू देणे आणि वरची निवळ ओतून टाकणे, हे उन्हाळ्यातील काम प्रत्येक घरात होई. ज्वारीच्या पिठाची आंबीलही आंबविण्याच्याच कौशल्याची. मोड, भरड, आंबवण व गाळण ही चारही अंगे अशा रीतीने उपलब्ध होती. ती एका भांड्यात एकत्र आली नाहीत इतकेच.

मोड आलेल्या ज्वारीसंबंधी एक सावधगिरी येथे नोंदविणे आवश्यक आहे. ज्वारीच्या कोवळ्या कोंभांत धुरिन हे द्रव्य असते व त्यापासून हायड्रोसायानिक अम्ल सुटते. पावसाने ताण दिल्यावर कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, ती याच कारणाने. माल्ट करताना मोड आलेले दाणे नीट वाळवून, मुळ्या व कोंभ चोळून काढून टाकतात ते केवळ चवीसाठी नव्हे.

गौडीची सोय : गुळाला यांपैकी काहीच लागत नाही. उसाची साखर यीस्टला थेट आंबविता येते. मोड नकोत, ठरावीक तापमान नको, जाळी नको. गूळ पाण्यात विरघळवून मडके झाकून ठेवले की काही दिवसांत मद्यार्क तयार होतो. मोहाच्या वाळलेल्या फुलांचेही तसेच. बालाघाटच्या उघड्या पठारावर जंगल तुटपुंजे असल्याने मोहापेक्षा गुळावर भर राहिला. हातभट्टीत गुळाबरोबर नवसागर घालतात. त्यातील नायट्रोजन यीस्टच्या वाढीस मदत करतो. पोलिसांच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत या आंबलेल्या द्रवाला ‘रसायन’ म्हणतात. ते मात्र तसेच पीत नाहीत. ते ऊर्ध्वपातन करून तीव्र केले जाते.

तीव्र करण्यामागे चवीपेक्षा व्यवहार अधिक आहे. बीअरसारखे पेय मद्यार्काने हलके, आकारमानाने मोठे आणि लवकर आंबट होणारे असते. ते लपविणे व वाहून नेणे अवघड. वीस लिटर बीअरमधील मद्यार्क ऊर्ध्वपातनानंतर दोन-तीन बाटल्यांत मावतो. जेथे करणे हाच गुन्हा असतो, तेथे मडक्याशेजारी भट्टी येते ती यामुळे.

अबकारी व दारूबंदी : बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात मद्याची निर्मिती व विक्री अबकारी खात्याच्या नियंत्रणाखाली असून १३१६ फसलीचा (१९०६-०७) हैदराबाद अबकारी कायदा हा तिचा आधार होता. दुकाने व भट्ट्या लिलावाने गुत्तेदारांना दिल्या जात आणि शिंदी व दारू यांचे उत्पन्न ही राज्याच्या महसुलाची मोठी बाब होती. घरी केलेले मद्य या व्यवस्थेत दोघांचेही नुकसान करणारे ठरे : सरकारचे आणि गुत्तेदाराचे. यामुळेच हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७ मध्ये मराठवाड्यातील सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. झाड पडले की त्यावरचा कर बुडत असे. मद्यपान हा त्या आंदोलनाचा एक विषय असला, तरी कुऱ्हाड पडत होती ती निजामाच्या तिजोरीवर.

शेजारच्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम अंमलात येऊन एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी झाली. बीडसह मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या अधिनियमाने हा कायदा येथेही लागू करण्यात आला. अबकारीत घरगुती निर्मिती महसुलाविरुद्धचा अपराध होती. आता ती नीतीविरुद्धचाही ठरली. या कायद्याचे ६५ वे कलम केवळ मद्य तयार करण्यापुरते मर्यादित नाही. ताडीखेरीज अन्य मादक पदार्थ तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भट्टी, भांडी वा उपकरणे बाळगणे हाही त्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे रांजणाला तोटी व जाळी बसविली एवढ्याने नव्हे, तर ती कशासाठी बसविली यावर ते भांडे निर्दोष की सदोष हे ठरते. हा अधिनियम २०१२ पासून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो.

साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनी कारखान्यात तयार झालेली देशी दारू परवान्याच्या दुकानांत आली. ही दारू प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेल्या मद्यार्काची, म्हणजे औद्योगिक स्वरूपातील गौडीच होय. हातभट्टी तीमुळे थांबली नाही. तिच्यातील खरा धोका घरगुती किण्वनाचा नसून चोरट्या व्यापारातील भेसळीचा आहे. मुंबईत विक्रोळी येथे १९९१ च्या अखेरीस आणि मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने झालेले मृत्यू मिथेनॉल या औद्योगिक विषाने घडले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्याच्या बीअरमध्ये मिथेनॉल जवळजवळ नसते आणि ऊर्ध्वपातनही होत नाही. सौम्य व उग्र, घरचे व विकाऊ असा भेद कायद्याने केला असता, तर गोरगरीबांच्या वस्त्यांतील हे बळी टळले असते असे खात्रीने म्हणता येणार नाही. परंतु हा भेद न केल्याने लपविण्यास सोपे तेच पेय टिकले, हे नाकारता येत नाही.

पैष्टी मद्य राज्यात परत आले ते वेगळ्याच मार्गाने. धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अर्थसाहाय्य देण्याचे धोरण राज्य शासनाने २००७ मध्ये स्वीकारले. ज्वारी, बाजरी व मका यांना बाजार मिळेल ही त्यामागील भूमिका होती. खाण्याचे धान्य भट्टीत जाईल, या आक्षेपावरून त्यावर तीव्र वाद झाला. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे भाकरी ज्वारीची व पाऊस बेभरवशाचा, हा आक्षेप केवळ तात्त्विक नव्हता.

परदेशांतील घरगुती पात्र : इंग्लंडमध्ये घरी बीअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने घरगुती वापरापुरती बीअर करणे १९७९ पासून केंद्रीय करातून मुक्त झाले. माल्टपात्राचे आजचे घरगुती रूप त्यानंतरचे. सहलीला बर्फ नेण्याची उष्णतारोधक पेटी, तिच्या तळाशी करवतीने चिरा पाडलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाहेर एक तोटी, एवढ्यावर ते तयार होते. ही पेटी तासाभरात तापमान एक-दोन अंशांपलीकडे उतरू देत नाही. गहू किंवा मका यांसारखे सालपट नसलेले धान्य वापरताना गाळणीचा थर मोकळा राहावा म्हणून भाताचे तूस मिसळतात. ज्वारीलाही हाच उपाय लागू पडतो. महाराष्ट्रात परवानाधारक लहान बीअरनिर्मितिगृहांपैकी पहिले २००९ मध्ये पुण्यात सुरू झाले. त्यांचे माल्टपात्र पोलादी असते व माल्ट जवाचा.

पाण्याचा प्रश्न : बीडच्या उत्तरेस असलेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या औद्योगिक वसाहतींत बीअरचे मोठे कारखाने आहेत. एक लिटर बीअरमागे भिजवणे, धुणे, थंड करणे व स्वच्छता धरून कारखान्यात अनेक लिटर पाणी खर्च होते. २०१६ च्या दुष्काळात, मराठवाड्यात टँकरने पाणी पुरविले जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्याचा आदेश दिला. घरगुती पात्रालाही हा हिशेब सुटत नाही : वीस लिटर रसासाठी पंचवीस लिटर पाणी पात्रात, त्याहून अधिक रस थंड करण्यास आणि तितकेच भांडी धुण्यास. उन्हाळ्यात आष्टी, पाटोदा किंवा शिरूर कासारच्या वाड्यांवर एका कुटुंबाच्या दिवसाच्या गरजेइतके हे पाणी आहे.

ज्वारी व नाचणी यांना मोड आणून, सावलीत वाळवून, मुळ्या चोळून काढून व मंद भाजून केलेले पीठ लहान मुलांच्या पेजेसाठी वापरतात. मोडातील अमायलेजामुळे दाट पेज पातळ होते. म्हणून तेवढ्याच वाटीत अधिक पीठ शिजविता येते आणि मुलाला ते गिळता येते. सत्त्व काढावयाचे असल्यास भिजवून वाटलेले धान्य दुहेरी मलमलीतून पिळतात व गाळलेले पाणी रात्रभर निवळत ठेवतात.